हा फोटो कोणी काढला

माझं काम फोटो दुरुस्त करण्याचं. स्टुडिओत आलेल्या चेहऱ्यांवरचे डाग मी पुसते, कुणाचे मिटलेले डोळे दुसऱ्या फोटोतून आणून बसवते. त्यामुळे फोटोत असतं तेवढंच असतं, असं मी मानत आले. ठमी झोपली आहे आणि मला अजून आठवतंय, तोवर लिहून घेते.

ठमी माझी लेक. दिवसभर तिला मावशी सांभाळायची. वयाने माझ्याएवढीच, पण ठमीमुळे आम्हीही तिला मावशीच म्हणायचो. तिच्या हातून ठमी मुकाट जेवायची, कारण मावशी घासागणिक अल्बममधल्या एकेका फोटोची गोष्ट सांगायची. संध्याकाळी मी दार उघडलं की ठमी हाक मारायची, पण अल्बमचं पान बोटाने धरून ठेवून. रविवारी मी तोच अल्बम घेऊन बसले, की "हे आजोबा, हे आपलं जुनं घर" एवढ्यावर माझी गाडी अडायची.

"असं नाही," ठमी म्हणायची. "मावशीसारखं सांग."

आत काहीतरी कुरतडायचं. रात्री तिचे केस विंचरताना, सकाळी मावशीने घातलेली वेणी सोडताना तर फारच.

हॉलमध्ये ठमीच्या जन्माचा फोटो आहे. दवाखान्यातली खाट, डावीकडून खिडकीचा उजेड, नुकती जन्मलेली ठमी आणि तिच्यावर वाकलेली मी. बटा पुढे आल्याने माझा चेहरा अर्धाच दिसतो. माझ्या हाताला लावलेली सलाइनची नळी नंतर मीच पुसून टाकली होती, फोटो नीटस दिसावा म्हणून.

एका संध्याकाळी ठमीने त्यावर बोट ठेवलं. "ही मावशी. आणि हे बाळ म्हणजे मी."

"वेडाबाई, ती मी आहे."

"तू तर फोटो काढतेयस," ती समजावणीच्या सुरात म्हणाली.

सकाळी मावशीला विचारलं. ती ओशाळली. "लहान आहे हो ताई. मी एवढंच सांगते, की आई बाळाकडे बघतेय."

"कोण आई?"

"फोटोतली," ती म्हणाली आणि ताट घ्यायला आत गेली.

त्याच आठवड्यात शेजारीण आली. "तुमची मावशी किती गोड दिसते हो यात," ती म्हणाली. "तिलाही मुलगीच का?" मी विषय बदलला. नवऱ्याला मात्र हसत हसत सांगितलं. तो फोटोपुढे बराच वेळ उभा राहिला.

"मावशीच आहे की. काढलायस मात्र झकास."

"अरे, तू होतास तिथे."

"होतो ना. तुझ्या मागेच उभा होतो."

फोटो मी स्टुडिओत नेला, स्क्रीनवर मोठा केला. भुवईजवळचा तीळ माझा. कानाची पाळी माझी. पुसलेली नळी सोडली तर एक ठिपकाही बदललेला नव्हता.

त्या संध्याकाळी मी मावशीला उद्यापासून येऊ नका म्हणाले. लाज वाटत होती आणि बरंही वाटत होतं. तिने शांतपणे चपला घातल्या.

"तिला सांगत राहा हं ताई. सांगितल्याशिवाय तिला काही दिसत नाही."

मग मी ठमीला मांडीवर घेतलं, फोटो पुढ्यात धरला आणि पहिल्यांदाच पोटतिडकीने सांगायला लागले. खिडकी कशी उघडी होती. चादर कशी खरखरीत होती. ठमी तोंड उघडं टाकून ऐकत होती, मावशीचं ऐकायची अगदी तशी. मी हरखून आणखी सांगत गेले. गळ्यात कॅमेऱ्याचा पट्टा कसा रुतत होता. खाटेवरची बाई कशी म्हणाली, "ताई, खिडकीच्या बाजूने घ्या."

मी थांबले.

घाईने कुर्ता वर केला. ओटीपोटावर टाक्यांचा व्रण होता, जागच्या जागी. ठमीला बाहेर काढताना घातलेले टाके. मी तिचं बोट त्यावरून फिरवलं.

"बघ. इथून आलीस तू."

ती खुदकन हसली. "मला माहितीये हे. मावशीने सांगितलंय. तू लहान होतीस ना, तेव्हा सायकलवरून पत्र्यावर पडलीस."

नाही म्हणायला मी तोंड उघडलं.

"निळ्या सायकलवरून," मी म्हणाले.