एकोणपन्नासावी विहीर

भूपेंद्रला मोजायची खोड होती. लग्नात गेला की पंगतीतली पानं मोजायचा, वर कुणी किती जिलब्या रिचवल्या तेही ध्यानात ठेवायचा. त्यामुळे बहादरपूरच्या विहिरींचं काम त्याच्याकडे आलं, तेव्हा बुऱ्हाणपूरच्या त्या छोट्या सर्व्हे ऑफिसात कुणाला नवल वाटलं नाही.

काम सरळ होतं. ऑफिसातला सुधाकर केळीच्या मळ्यांतून हिंडायचा, प्रत्येक विहिरीत टेप सोडून पाणी किती खाली आहे ते लिहायचा. टेप सोडण्याआधी एक खडा टाकायचा. "विहिरीला कळवावं लागतं," म्हणायचा. भूपेंद्र हसायचा. मग ती यादी भूपेंद्र आपल्या दहा ओळींच्या स्क्रिप्टमधून, म्हणजे छोट्याशा प्रोग्राममधून, काढून तिची नकाशाला समजणारी जेसन फाइल करायचा, म्हणजे नकाशावर विहिरींचे ठिपके उमटायचे.

दुपारी तीनला स्क्रिप्ट चालवली. आत गेल्या अठ्ठेचाळीस ओळी. बाहेर आल्या एकोणपन्नास नोंदी.

यादीच्या शेवटी रिकामी ओळ राहिली असेल म्हणून पाहिलं. नव्हती. मग त्याने जेसन उघडली. शेवटची नोंद: पाणी ११.४० मीटर खाली. मोजणारा: मोनाली.

"वहिनी कधीपासून टेप घेऊन फिरायला लागल्या?" मागून वाकून पाहणारा सुधाकर खो-खो हसला. "माझी नोकरी खाणार म्हणा की, भाऊ!"

मोनाली म्हणजे भूपेंद्रची बायको. तिचं नाव ना यादीत होतं, ना स्क्रिप्टमध्ये. ठिपका मात्र नकाशावर नेमका पडला होता. महिन्यापूर्वी ते दोघं राहायला गेले ते बहादरपूरचं नवं घर. मागची बाजू. स्वयंपाकघर.

त्याने स्क्रिप्ट पुन्हा चालवली. पुन्हा एकोणपन्नास. पाणी ८.१०.

सुधाकर हसायचा थांबला. "तुझ्या प्लॉटात एक विहीर होती ना?"

"बुजवली. सात ट्रॉल्या मुरूम गेला तिच्यात."

"यादीत बुजवलेल्या पण घ्यायच्या होत्या."

कुठल्या विहिरी मोजायच्या ते भूपेंद्रनेच ठरवलं होतं, आणि आपली गाळली होती.

"बुजवताना खडा टाकला होता?"

"तू पण ना यार, काहीही!"

पण त्याने घरी फोन लावला.

"काय करतेस?"

"तांदूळ निवडतेय. खडेच खडे निघताहेत, अहो. त्या दुकानदाराला सांगा जरा."

"टाकतेस कुठे?"

"फरशीला फट पडलीय ना, तिच्यात. मजा आहे, खाली वाजतात. मघाशी वाजायला वेळ लागायचा. आता लगेच."

सकाळी त्याच फरशीवर बसून त्याने चहा घेतला होता. फट नव्हती.

"आता टाकू नकोस. ऐक, बाहेर अंगणात जाऊन बस."

"मी कुठे टाकतेय?" ती गोंधळल्यासारखी हसली. "आता तेच वर येताहेत. ओले."

सुधाकर गाडीची किल्ली उचलून जिन्याशी पोचलासुद्धा. भूपेंद्रही उठला. फोन कानाशी धरूनच, खोड म्हणा, त्याने एकदा शेवटचं एंटर दाबलं.

एकोणपन्नास.

पाणी ०.००.

मोजणाऱ्याच्या नावाचा रकाना कोरा होता.

"मोनाली?"

फोन चालूच होता. तिकडे कुणीतरी ताटात एकेक खडा ठेवत होतं. सावकाश, मोजल्यासारखं.