ताऱ्यांच्या रेघांमधली फट

ऑक्टोबरच्या अमावास्येला, रात्री दोन वाजता, निवेसला रानाच्या कडेला एक तांबडा दिवा दिसला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

माणसाच्या कपाळाएवढ्या उंचीवर तो ठिपका हलत होता... थांबत होता... पुन्हा हलत होता. मिर्ना नदीच्या खोऱ्यात एवढ्या रात्री जे दिवे हलतात ते सगळे ट्रफल, म्हणजे झाडांच्या मुळांशी मातीत वाढणारं महागडं अळंबं, शोधणाऱ्यांचे, आणि त्यातला प्रत्येक दिवा दुसऱ्या प्रत्येक दिव्याचा वैरी. पण ते दिवे पिवळे असतात. तांबडा दिवा लावून कोण हिंडणार? ज्याला कुणाला दिसायचं नाही, तो. म्हणजे चोर!

"कोण आहे रे तिकडे?" तिने आपला दिवा थेट त्याच्या तोंडावर मारला.

"अहो, बंद करा! दिवा बंद करा ना! तीन तासांचं काम वाया जाईल!"

"कसलं काम? रात्री दोन वाजता रानात कसलं काम करतोस तू?"

"ताऱ्यांचे फोटो काढतोय."

चोरट्यांनी आजवर निवेसला पुष्कळ कारणं सांगितली होती. हरवलेली शेळी, बायकोशी भांडण, पोटातली कळ. तारे हे कारण नवीन होतं.

तिने दिवा खाली केला. तीन पायांची घोडी, तिच्यावर कॅमेरा, कॅमेऱ्याच्या भिंगाला चक्क लोकरीचा पायमोजा घातलेला, आणि मोज्यातून एक वायर निघून खालच्या डब्यात गेलेली. दर अर्ध्या मिनिटाने त्यातून 'टिक्' असा आवाज येत होता.

"हे काय?"

"मोजा. आत गरम पट्टी आहे. नाहीतर भिंगावर दव पडतं आणि तारे पुसट येतात."

"आणि कपाळावर हे तांबडं?"

"पांढऱ्या उजेडाने डोळे दिपतात हो. अंधाराची सवय व्हायला अर्धा तास लागतो. आता तुमच्या कृपेने पुन्हा अर्धा तास..." तो डोळे चोळत तिच्या दिशेने बघू लागला. "मला तुम्ही दिसतही नाही आहात. नुसता एक रागावलेला दिवा दिसतोय."

निवेसला हसू आलं नाही. तिच्या मनात पाल चुकचुकली होती. शहरातल्या लोकांनी ट्रफल हुंगणारं यंत्र काढलंय, आता कुत्र्याची गरज नाही, अशी कुजबुज गावात गेल्या हिवाळ्यापासून होती. ते यंत्र दुसरं कसं असणार? पाय, नळी, डबा, वायर. अगदी हेच!

तेवढ्यात मागून मचमच आवाज आला. झूया, तिची कुत्री, जी पोस्टमनलासुद्धा फाटकाच्या आत येऊ देत नाही, ती त्याच्या पिशवीत तोंड घालून काहीतरी चघळत होती.

निवेस किंचाळली. गुडघ्यांवर पडून तिने झूयाचा जबडा फाकवला आणि घशापर्यंत बोटं घातली. "काय घातलंस हिला? बोल ना! काय घातलंस?"

"ब्रेड आणि चीज... माझं जेवण होतं."

दोन हिवाळ्यांपूर्वी झूयाची आई अशीच रानात कुणीतरी टाकलेला सॉसेजचा तुकडा खाऊन आली होती. सकाळी चुलीमागे ताठ होऊन पडलेली सापडली. कुणी टाकला ते कधीच कळलं नाही. खोऱ्यातलं कुणीही असू शकत होतं, म्हणून निवेसचा त्या दिवसापासून खोऱ्यातल्या कुणावरच विश्वास उरला नव्हता.

यातलं काहीच त्या तरुणाला माहीत नव्हतं. पण कुत्रीच्या घशात गेलेली तिची बोटं त्याने पाहिली. मग त्याने कागदातला उरलेला ब्रेड उचलला, झूयाच्या दातांचे ठसे असलेल्या बाजूनेच चावा घेतला, नीट चावून गिळला आणि तोंड उघडून दाखवलं.

"आता अर्धा तास बसा," तो म्हणाला. "मी मेलो तर तुमचं खरं. नाही मेलो... तर निदान नाव सांगा."

ती बसली. अर्धा तास झाला, तो मेला नाही. त्याचं नाव कोराडो. तो रिएका बंदराच्या गोदीत क्रेन चालवत असे आणि महिन्याची रजा काढून अंधार शोधत इथे आला होता.

"नाव?" त्याने विचारलं.

"निवेस," ती म्हणाली, आणि घरी मात्र मुद्दाम उलट्या वाटेने, तीन वळणं जास्त घेऊन गेली.

त्याला कारण होतं. कुरणाच्या पलीकडे, पडक्या दगडी झोपडीजवळ, एक जुना ओक होता. त्याच्या मुळांशी दर शरदात पांढरं ट्रफल धरत असे. निवेसच्या आजोबांनी हेरलेली ती जागा खोऱ्यात आणखी कुणालाही ठाऊक नव्हती. कळली असती तर एका रात्रीत लोकांनी मुळं उपसून काढली असती, आणि घराचा आधार गेला असता. या खोऱ्यात माणूस बायकोला दागिने देईल, घर नावावर करून देईल, पण जागा दाखवणार नाही. निवेसच्या बापाने तिच्या आईला ती दाखवली लग्नानंतर अकरा वर्षांनी. निवेसला सांगितली गेल्या वर्षी, कंबरेचं हाड मोडून खाटेवर पडल्यावर, तीसुद्धा कानात.

"ओकाखाली गेलीस का?" बापाने सकाळी विचारलं.

"कशी जाऊ? तिथे समोरच एक माणूस ठाण मांडून बसलाय. ताऱ्यांचे फोटो काढतो म्हणे."

"ताऱ्यांचे? ते काय कुठे पळून चाललेत?"

"म्हणून तर मी रोज पाळत ठेवणार आहे त्याच्यावर."

बापाने तिच्या ओल्या केसांकडे पाहिलं. "पाळत ठेवायला केस धुवून जातात वाटतं हल्ली?"

निवेसने दार आपटलं.

ती रोज गेली. डोळ्यांत तेल घालून बसायची, त्याची पिशवी सोडायला लावायची. त्याच्याकडे दोरी होती, घोडी वाऱ्याने हलू नये म्हणून तिला लटकवायला खड्यांची थैली होती, कॉफीचा थर्मास होता. कुदळ मात्र कधी सापडली नाही. चौथ्या रात्री त्याने शर्टाच्या आतून एक बॅटरी काढली आणि तिच्या गार तळव्यावर ठेवली. बॅटरी उबदार होती.

"थंडीत या मरतात," तो म्हणाला. "म्हणून जादाच्या मी छातीशी ठेवतो. अजून एकही मरू दिली नाही."

"सगळ्या मुलींना असंच सांगतोस?"

"रात्री दोन वाजता माझे खिसे तपासायला येणारी तू एकटीच आहेस."

अंधारात तिला हसू फुटलं. त्याला ते दिसलं नसावं... की दिसलं? त्याच्या डोळ्यांना अंधाराची फार सवय होती. पण बॅटरी परत देताना तिने ती जरा उशिरा दिली, हे तिचं तिलाही कळलं.

पाचव्या रात्री तो म्हणाला, "उद्या मी इथे नाही. वर टेकडीवर, देवळापाशी जाणार. जत्रेतल्या स्पर्धेसाठी एक मोठा फोटो काढायचाय. पहिल्या बक्षिसाला कॅमेऱ्याचं भिंग आहे, दोन वर्षं दुकानात बघतोय तेच."

निवेसला खरं तर हायसं वाटायला हवं होतं. पाच रात्री ओकाखाली ट्रफल पिकत होतं आणि ती इथे बसून कॉफी पीत होती. तरी ते 'मी इथे नाही' तिला बोचलंच.

सहाव्या रात्री ती ओकाखाली गेली. सवयीच्या पायांनी कुरणापर्यंत अंधारात, आणि तिथून पुढे दिवा लावून. झूयाने उकरलं, निवेसने हाताने माती सारली. मुठीएवढं पांढरं ट्रफल निघालं. त्याचा वास घेत ती जरा वेळ तिथेच बसली. ज्याला हे दाखवावंसं वाटलं, त्याचं नाव मनात आल्यावर ती घाईघाईने उठली.

दोन दिवसांनी कोराडोने तिला कॅफेत गाठलं. त्याने लॅपटॉप उघडला आणि तिच्याकडे वळवला.

"बघ. साडेचार तासांचे पाचशे चाळीस फोटो, एकावर एक."

आकाशभर ताऱ्यांच्या रेघा होत्या. ध्रुवाभोवती गोल गोल, एकही न तुटलेली. खाली सगळं खोरं, काळंभोर. आणि त्या काळोखात एक सोनेरी धागा कुरणाच्या कडेने निघाला होता, पडक्या झोपडीला वळसा घालून गेला होता, आणि ओकाखाली त्याची गाठ बसली होती.

"या फोटोतलं सगळ्यात सुंदर काय, सांगू?" तो हळूच म्हणाला. "हा दिवा. मला वाटतं... ही तू आहेस. खोलीवर आल्यावर दिसला. रविवारी जत्रेत लावणार."

निवेसच्या पायाखालची जमीन सरकली. ट्रफलच्या जत्रेत सगळं खोरं लोटतं. तिथे एवढ्या मोठ्या कागदावर तिच्या आजोबांची जागा कुणीतरी बोटाने दाखवल्यासारखी लखलखणार होती. आणि मग सगळं कसं फटाफट जुळलं! पाच रात्री गोड बोलला. मग सांगितलं, उद्या मी नाही. ती बिनधास्त गेली, आणि हा वरून बघत होता.

"कुणी पाठवलं तुला?" तिचा आवाज फाटला.

"म्हणजे?"

"त्या म्हाताऱ्या ट्रफलवाल्या पिनोने? की पलीकडच्या गावाने? आणि मी... मी केस काय धुतले, कॉफी काय प्यायले!"

"निवेस, झालं तरी काय? सांग तर."

सांगणार कसं? 'ही माझी जागा' म्हटलं की जागा दिलीच. तिने ओठ घट्ट मिटले. डोळे मात्र तिचं ऐकेनात. ते भरून आलेले त्याने पाहिले, फोटोतल्या त्या गाठीकडे पाहिलं, टेबलाखाली झोपलेल्या झूयाच्या मातकट पंजांकडे पाहिलं. तो काहीतरी बोलणार होता, तोवर ती दाराबाहेर गेली होती.

रविवारपर्यंत ती जेवली नाही की झोपली नाही. बापाला तिने ताकास तूर लागू दिली नाही. जत्रेत मात्र ती भल्या सकाळी पोचली, तरी फोटोपुढे गर्दी झालीच होती. खोऱ्यातला सगळ्यात जुना ट्रफलवाला पिनो, ज्याला सगळे बार्बा, म्हणजे काका, म्हणत, चष्मा वर करून नाक कागदाला लावून उभा होता.

निवेसने खांद्याने वाट काढली. तिने पाहिलं... पुन्हा पाहिलं.

खोरं काळं होतं. सोनेरी धागा नव्हताच. पण वर आकाशात प्रत्येक तारा एका जागी तुटला होता. शेकडो रेघा, आणि प्रत्येकीत तेवढीच एक काळी फट.

"काय रे पोरा," पिनो म्हणाला, "हे आभाळाला भोक पडलंय की काय?"

"बॅटरी मेली, बार्बा," कोराडो म्हणाला. "थंडीने."

"अरेरे! परीक्षक म्हणत होते, ही फट नसती तर पहिलं बक्षीस तुझंच होतं. ते भिंग मिळालं असतं."

त्या भिंगाबद्दल निवेसला ठाऊक होतं. दोन वर्षं तो दुकानाच्या काचेतून ते बघत आला होता. आणि त्याची बॅटरी मरत नाही, हेही खोऱ्यात तिला एकटीलाच ठाऊक होतं. ती दंडाला धरून त्याला मंडपामागे घेऊन गेली.

"किती काढून टाकलेस?"

"बेचाळीस. एकवीस मिनिटं. तू दिवा लावल्यापासून विझवेपर्यंत."

"नुसती रेघ पुसायची होती! तेवढं तर संगणकावर कुणालाही येतं."

"पुसली असती तर मूळ फोटो माझ्याकडे राहिले असते." तो खाली बघत होता. "तुला झोप लागली असती?"

खरंच लागली नसती.

"दुसरी प्रत?" तिने विचारलंच.

त्याने खिशातून कॅमेऱ्याचं कार्ड काढून तिच्या हातावर ठेवलं. "यात होते. आता नाहीत. तरी हे ठेव. आणि डोक्यातलं कसं पुसायचं, ते मला माहीत नाही. म्हणून उद्याच्या बसने परत चाललोय. या खोऱ्यात पुन्हा येणार नाही. तू निर्धास्त जा तिथे."

चार दिवस ती या माणसाला मनातल्या मनात शिव्या घालत होती, आणि तो चार दिवस तिच्यासाठी आपलं आकाश तोडत बसला होता. निवेसला एकदम रडू आलं, आणि रडताना त्याचा रागही आला.

"उद्याची बस गेली खड्ड्यात," ती म्हणाली. "आज रात्री दोन वाजता कुरणापाशी ये. दिवा आणू नकोस. तांबडासुद्धा नाही."

तो आला. तिने त्याची बाही धरली आणि जास्तीचं एकही वळण न घेता त्याला सरळ ओकाखाली नेलं. झूया मुळांशी उकरू लागली. निवेसने त्याचा हात मातीत घातला. बोटांना काहीतरी गोल लागलं तसा तो श्वास घ्यायचा थांबला.

"माझ्या बापाने ही जागा आईला अकरा वर्षांनी दाखवली," ती कुजबुजली.

"आणि तू मला... बारा दिवसांत?"

"बापापेक्षा मी चटकन ओळखते माणसं."

"तू? तू तर मला आधी चोर ठरवलंस, मग हेर!"

"चूक कबूल करायलाच आणलंय ना इथे! आणखी काय हवंय? आवडतोस मला, झालं समाधान?"

त्याने मान वर केली. पानांमधून तारे दिसत होते, एकही न तुटलेला. मग तो म्हणाला, "मलाही तू... त्या रागावलेल्या दिव्यापासून."

"कॅमेरा कुठाय?"

"खोलीवर."

"नक्की?"

"तपासून बघ."

मग निवेसने खरंच त्याचे खिसे तपासले. उजव्या खिशात एक उबदार बॅटरी निघाली. डाव्या खिशात त्याचा हात होता. तिने तो बाहेर काढला नाही, आणि आपलाही काढला नाही.