सरंजामे-प्रतिमान

रेवती सरंजामे संरक्षण खात्यातून निवृत्त झाल्या, तेव्हा निरोपाच्या भाषणात कुणीतरी म्हणालं होतं, "मॅडमची जागा भरून निघणार नाही." ती भरून निघाली आहे, हे त्यांना राजधानीतून पुन्हा बोलावणं आल्यावर कळलं.

आता त्या पुण्यातल्या एका संस्थेत सुरक्षा धोरणावर संशोधन करत होत्या. नचिकेत वाघधरे एकेकाळी त्यांच्या हाताखाली होता. आज तो राजधानीतल्या त्यांच्याच जुन्या खोलीत बसत होता. त्या समोर बसल्या आणि चहा येण्याआधीच त्याने भिंतीवरचा पडदा सुरू केला.

"समुद्रावरची यंत्रणा संशयित बोट हेरते, पण मारा करण्याआधी माणसाची संमती लागायची," तो म्हणाला. "त्यात फार वेळ जायचा. म्हणून तुमचे नोकरीतले फायलींवरचे सगळे शेरे संगणकाला देऊन हे प्रतिमान, म्हणजे एआय मॉडेल, घडवलं. ते तुमच्यासारखा निर्णय देतं. चाचणी घेऊन बघा."

रेवतीबाईंनी प्रसंग सांगितला : दिवे मालवलेली, रेडिओला उत्तर न देणारी बोट. पडद्यावर लगेच अक्षरं उमटली. 'संमती आहे. समुद्रावर संशयाचा फायदा देणं आपल्याला परवडणारं नाही.'

वाक्य त्यांचंच होतं, अगदी 'आपल्याला'सकट.

"आज मी असं लिहिणार नाही," त्या हळूच म्हणाल्या.

संशोधनासाठी त्या किनाऱ्यावरच्या गावांत हिंडल्या होत्या. अशाच एका बुडवलेल्या बोटीवर कोळी होते, त्यांची बॅटरी उतरली होती. त्यातल्या एकाच्या आईने, हिराबाई चोगले यांनी, रेवतीबाईंना बसायला पाट दिला आणि एवढंच म्हटलं, "बाई, हाक मारून तरी बघायचं होतं." त्यानंतरचं रेवतीबाईंचं सगळं लेखन त्या वाक्याभोवती फिरत होतं.

"माझे नंतरचे लेखही यात घाल," त्या म्हणाल्या.

"घातले होते." नचिकेतने नजर खाली वळवली. "मग ते दरवेळी थांबायला सांगू लागलं. जवळ जा, हाक मारा, वाट पाहा. खात्याच्या समितीने ते बाद केलं. लेख म्हणजे मत, शेरा म्हणजे निर्णय, असं त्यांचं म्हणणं."

"म्हणजे माणसाचं मन बदललेलं तुम्हाला चालत नाही."

"मला चालतं, मॅडम. पण समितीत मी एकटा पडलो." त्याने समोरची फाइल उघडली. "ते कामाला लागलंय. समितीला त्याला तुमचं नाव द्यायचंय, गौरव म्हणून. त्यासाठी तुमचा होकार हवा होता."

"नाव देऊ नका. आणि ते बंद करा."

"नाव देणार नाही," नचिकेत म्हणाला. बंद करण्याचा विषय टाळून तो पडद्याकडे वळला.

तेवढ्यात पडद्याची कड लाल झाली. दूर समुद्रावर एक ठिपका सरकत होता आणि त्याखाली लिहून आलं : 'संमती आहे. समुद्रावर संशयाचा फायदा देणं आपल्याला परवडणारं नाही.'

"ही चाचणी आहे ना?"

नचिकेतने मान हलवली. नाही.

"थांबव ते."

"माझ्या हातात नाही, मॅडम. माणसाला मध्ये पडता येऊ नये, म्हणून तर..."

रेवतीबाई पडद्याजवळ गेल्या. तिथे वाऱ्याचा वेग होता, अंतर होतं, आणि खाली त्यांचं स्वतःचं वाक्य होतं.

"नचिकेत, त्या बोटीत कोण आहे?"