डमीचा चहा

झाकण थडथडलं. दुपारचे पावणेतीन वाजले होते, माझी लेक भूमिका नुकतीच झोपली होती, आणि घर इतकं गप्प होतं की गॅसवरच्या पातेल्याचं झाकण मला दोन खोल्या ओलांडून ऐकू आलं. पाठोपाठ सासूबाई.

“शांभवी, च्या उतू चाललाय की! पत्ते कुटत बसलीस व्हय?”

“डमी हाय मी, अव्वा. आलेच.”

“काय हाय म्हणं?”

आता हेही सांगायला हवं. ब्रिज चौघांचा खेळ, दोन-दोनच्या जोड्या. बोली जिंकलेल्या जोडीतला एकजण खेळतो, दुसरा आपले तेरा पत्ते उघडे मांडून गप्प बसतो. तो डमी. त्याचे पत्तेही जोडीदारच खेळतो. डमीनं सल्ला द्यायचा नाही, भुवईसुद्धा हलवायची नाही. माझे वडील, अप्पा, कोल्हापुरातल्या टाकाळ्याच्या घरी दर रविवारी टेबल मांडायचे, आणि त्या टेबलाचा एक नियम कुठल्याही पुस्तकात नव्हता: डमीनं उठून चहा ठेवायचा. गवती चहा घालून, आणि शेवटचे तीन पत्ते उरायच्या आत परत यायचं.

अप्पा गेले, टेबल मोडलं. मी राजारामपुरीत संसाराला लागले. मग नवऱ्यानं, वीरेशनं, कारखान्याच्या ड्रॉइंगसाठी घरी कॉम्प्युटर आणला, फोनची तार त्याला जोडली, आणि मला ती साइट सापडली. जगभरचे लोक तिथं ब्रिज खेळत. जाणकार नवख्यांना फुकट शिकवत. मी नाव दिलं. मंगळवार आणि गुरुवार, दुपारी अडीच ते साडेतीन, म्हणजे भूमिकाची झोप संपेपर्यंत.

“फुकट?” अव्वा म्हणाल्या होत्या. “आणि तोंड सुदीक न बघितलेल्या माणसांस्नी? फोन अडकून बसतोय त्यो येगळाच.”

पण खरं सांगते, त्या तासाभरात मला कुणी ‘मॅडम’ म्हणायचं, आणि ते मला दिवसभर पुरायचं.

‘चौथी’ आली ती २००४च्या जानेवारीत. टोपणनाव होतं ते. तिच्या पहिल्या ओळीच्या जागी माझ्या स्क्रीनवर नुसते रिकामे चौकोन उमटले. मग इंग्रजी अक्षरांत मराठी आलं, “सॉरी मॅडम, सवयीनं मराठीत टाइप केलं. तुमच्याकडं दिसत नाही का?”

मराठीत टाइप करायची सवय असलेलं त्या साइटवर मला तोवर कुणी भेटलं नव्हतं. असेल एखाद्या छापखान्यात, असं मी धरून चालले. तशी मी गणिताची पदवीधर. दिसलं की कारण शोधायचं, ही अप्पांची शिकवण.

“चौथी का?”

“तिघं कुठंही मिळतात. चौथंच मिळत नाही.”

हुशार होती, पण भलती उतावळी. पहिला पत्ता पडायचा अवकाश, हिनं दुसरा टाकलेलाच असायचा. मी तिला अप्पांचीच युक्ती दिली. पहिला पत्ता पडला की दोन्ही हात मांडीवर ठेव आणि मोज. पत्त्यांतले आपले हात किती होणार, समोरच्यांना द्यायचे किती. मोजून झाल्याशिवाय मांडीवरचा हात उचलायचा नाही. चार आठवडे तिनं ऐकलं नाही. पाचव्या आठवड्यात एकदा थांबली. इतकी थांबली की मला वाटलं फोन तुटला. मग एकेक पत्ता असा घातला तिनं, की मी खुर्चीत एकटीच टाळी वाजवली आणि आतून भूमिका दचकून उठली.

फेब्रुवारीत एका डावात ती डमी झाली. तिनं लिहिलं, “चहा ठेवून येते.”

मी बघतच राहिले. शेवटचे चार पत्ते उरले तशी ती परत आली.

“हे कुणी शिकवलं तुला?”

“आमच्या घरात डमीनंच चहा ठेवायचा असतो. गवती चहा घालून.”

अप्पांच्या टेबलावर वर्षानुवर्षं माणसं आलेली. त्यातल्या कुणाची नात असेल, पुतणी असेल. मी विचारलं, घरी कोण खेळायचं? ती म्हणाली, “आई. मला तिचा खेळ आठवत नाही. अव्वा सांगते.”

अव्वा काय, आमच्या लोकांत घरोघरी आजीला अव्वाच म्हणतात. मी पुढचा डाव वाटला.

मग तिनं विचारलं, “मॅडम, डमीला वाईट नाही का वाटत? पत्ते तिचे, खेळायचे दुसऱ्यानं. आणि बोलायचंही नाही.”

मी लिहिलं, “तिचे पत्ते जोडीदाराच्या उपयोगी पडतात. तेच तिचं खेळणं.”

“लिहून ठेवते,” पलीकडून आलं.

मार्चमध्ये साइटवर घोषणा झाली. मे महिन्याच्या पहिल्या रविवारी गुरू-शिष्य जोड्यांची स्पर्धा. मी आमच्या जोडीचं नाव दिलं आणि अप्पांच्या कपाटातला ब्रिजच्या वह्यांचा जाडजूड गठ्ठा काढला. म्हटलं, तो तिला नेऊन द्यावा. बोलण्यावरनं कोल्हापूरचीच तर होती. पत्ता विचारला तर म्हणाली, कदमवाडीच्या कोपऱ्यावरचं अपार्टमेंट, तिसरा मजला, गॅलरीतून जोतिबाचा डोंगर दिसतो. काम घरूनच करते, कधीही या.

भूमिकाला स्कूटीवर पुढं उभी करून गेले. कोपरा सापडला. अपार्टमेंट नव्हतं. उभा ऊस होता, आणि एक म्हातारा गडी पाणी पाजत होता. नाव ज्ञानू.

“हितं बिल्डिंग कुठंय हो, मामा?”

“बिल्डिंग?” तो हसला. “पावणं, ऊस हाय ह्यो. ह्याला तिसरा मजला फुटल्याला अजून तरी बघितला न्हाय मी.”

“जोतिबाचा डोंगर दिसतो का इथनं?”

“दिसतोय की. बांधावर या.”

दिसत होता. भूमिकानं दोन्ही हात जोडून त्याला नमस्कार केला, अव्वांनी शिकवल्यासारखा. गठ्ठा तसाच डिकीत घालून मी परत आले. पत्ता सांगताना मुली सावध असतात, खोटाच सांगतात. मीही तसंच केलं असतं.

चार दिवसांनी जेवताना वीरेश म्हणाला, “कदमवाडीच्या कोपऱ्यावर एकजण स्कीम टाकतोय म्हणं. ऊस निघाला की पाया. दोन-तीन वर्षांत घिऊया का एखादा फ्लॅट?”

“कितव्या मजल्यावर?” मी विचारलं.

“तिसऱ्या. डोंगर दिसतोय तिथनं.” मग त्यानं माझ्याकडं पाहिलं. “का गं? भाकरी तशीच राह्यली की तुझी.”

त्याला काय सांगू? हा ऊस मी पाहून आले हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि ज्ञानू नि भूमिकाखेरीज कुणालाच नव्हतं.

मी शिकवायचं थांबवलं नाही. भीती वाटली का? वाटली. पण मंगळवारी अडीचला ती यायची, “मॅडम, आलात?” असं विचारायची, आणि त्या ‘आलात’मध्ये असं काहीतरी असायचं की मी पातेलं खाली उतरवून धावायचे. तिला एकटीनं खेळता यायला हवं, एवढंच मनात राहिलं. मे उजाडायच्या आत.

स्पर्धेचा रविवार. दुपारचे तीन. वीरेश कामावर, त्याच्या कारखान्याची सुट्टी सोमवारी; अव्वा मागच्या दारी, भूमिका त्यांच्यापाशी. अकरा डाव झाले तेव्हा आम्ही दुसऱ्या होतो. बाराव्यात, शेवटच्या डावात, तिनं चार बदामांची बोली घेतली. हुकूम बदाम, दहा हात करायचे. मी डमी.

समोरून पहिला पत्ता आला आणि माझे पत्ते उघडे पडले. भिकार होते. किलवर एकच, आणि बदामाची तीन फुटकळ पानं, सत्तीच्या वर काही नाही. तिनं घाईनं हुकूम काढून घेतले असते, तर माझी ही तीन पानं फुकट गेली असती आणि डावही. ती आधी किलवर कापण्यासाठी वापरायची होती. मला दिसत होतं.

मी डमी. मला बोलता येत नव्हतं.

आता पत्ता तिनं टाकायचा होता.

तिच्याकडून काही नाही. दहा सेकंद. वीस.

हात मांडीवर आहेत, मला कळलं. तिचे हात मांडीवर आहेत.

मी उठले. चहा ठेवला. गवती चहाची पात तोडली. ओट्याला टेकून उभी राहिले, स्क्रीनकडं पाठ करून. झाकण थडथडेपर्यंत वळले नाही.

परत आले तेव्हा शेवटचे तीन पत्ते उरले होते. माझी तिन्ही फुटकळ बदामं गेली होती, तिन्हींनी एकेक किलवर कापलं होतं. दहा हात झाले. आम्ही पहिल्या आलो.

अभिमान म्हणजे काय ते मला भूमिका पहिल्यांदा भिंत सोडून चालली तेव्हा कळलं होतं. अगदी तेच, छातीत त्याच जागी.

“मॅडम, मोजलं मी.”

“पाहिलं.”

“तुम्ही होता?”

“चहा ठेवायला गेले होते.”

मग ओळी भराभर आल्या.

“आईला शिकवायला वेळ मिळाला नाही. मी पहिलीत जायच्या आधीच ती गेली. शाळेच्या पहिल्या दिवशी वेण्या अव्वानं घातल्या. तिला कुठं येत होत्या? वाकड्या. फोटोत अजून दिसतात.”

मी लिहायला घेतलं. तुझं नाव काय?

तिचं उत्तर माझ्या प्रश्नाआधी आलं. “जिंकल्यावर नाव सांगायचं ठरवलं होतं.” आणि त्याखाली नुसते रिकामे चौकोन.

“इंग्रजीत लिही,” मी टाइप केलं.

फोन तुटला. पुन्हा जोडला, पुन्हा जोडला. ‘चौथी’ नावाचं कुणी त्या साइटवर नव्हतं. गुणतक्त्यात पहिल्या जागी माझं एकटीचं नाव होतं, आणि जोडीदाराची जागा कोरी.

चहा कपात निवला होता. मागच्या दारी हसण्याचा आवाज आला म्हणून उठून गेले.

अव्वा पायरीवर बसल्या होत्या, भूमिका त्यांच्या पुढ्यात. शेजारी फणी, तेलाची वाटी, दोन लाल रिबिनी. अव्वांना तिन्ही पोरगेच. आयुष्यात त्यांनी कुणाची वेणी घातलेली नाही, भूमिकाची रोज मीच घालते. एक वेणी कानाजवळून निघाली होती, दुसरी पार मानेतून.

“काय करताय, अव्वा?”

“काय न्हाय गं.” त्यांनी वर पाहिलं नाही. “हात रिकामा व्हता. म्हटलं, शिकून ठिवावं. आता जूनात पहिलीची शाळा हाय न्हवं हिची.”

“मी आहे की वेण्या घालायला.”

“तर! तू हाईसच की,” अव्वा म्हणाल्या, आणि पेड सोडून पुन्हा पहिल्यापासनं घालायला घेतला.

भूमिकानं मान तिरकी करून माझ्याकडं पाहिलं. दोन्ही हात मांडीवर ठेवले होते तिनं, अगदी शहाण्यासारखे.

“आई,” तिनं विचारलं, “मी शाळंत जाईन तवा तू च्या ठेवाय गेलेली असणार हाईस व्हय?”