दुपारची ठोकठोक

मी फाटकाची बिजागरी आणायला गेले होते. एवढंच काम होतं. आईच्या घराचं फाटक एका बाजूला लोंबत होतं आणि रजेचे दिवस हाताशी होते, म्हणून म्हटलं आपणच बसवून टाकू. हार्डवेअरच्या दुकानदारांनी मला बघितलं आणि सवयीने विचारलं, "आता काय काढलंय वडिलांनी?" मग त्यांनी जीभ चावली. बाबांना जाऊन दोन वर्षं होत आली होती. मी म्हटलं, असू दे, मलाही कधीकधी तसंच वाटतं.

बाबा पाणीखात्यात कारकून होते. दिवसभर कागद सरकवायचे आणि घरी आले की त्यांचे हात शिवशिवायला लागायचे. आमचं घर कधी पुरं झालंच नाही. स्वयंपाकघराची खिडकी त्यांनी वीतभर रुंद केली, का तर भांडी घासताना आईला लिंबाचं झाड दिसावं. त्या नादात भिंतीचा एवढा भाग खाली आला की महिनाभर आम्ही पुठ्ठा लावून दिवस काढले. जिन्याखाली त्यांनी चपलांचं कपाट केलं आणि त्याच्या मागे एक गुप्त कप्पा, ज्यात ठेवण्यासारखं आमच्याकडे काहीच नव्हतं. माझा धाकटा भाऊ त्यांना तोंडावर 'मुख्य अभियंता' म्हणायचा. ते खूश व्हायचे.

त्यांची कामाची वेळ म्हणजे सुट्टीच्या दिवशीची दुपार. आई आत झोपलेली असायची, म्हणून ते हातोडीला फडकं गुंडाळायचे. माझ्या लहानपणीच्या सगळ्या दुपारी त्यामुळे एकाच आवाजाच्या आहेत. ठक्… ठक्… मऊ, जरा बिचकत. माझ्याकडे बॅटरी धरायचं काम असायचं. माझं लक्ष उडालं की उजेड हलायचा आणि बाबा वर न बघता विचारायचे, "उजेड कुठे गेला गं?" मशीनच्या तेलाचा वास यायचा, रंध्यातून लाकडाचे कुरळे काप पायावर पडायचे. इतकं सुख मला नंतर कुठे मिळालं नाही असं म्हटलं तर नवरा रागावेल, पण खरं आहे ते.

ते गेले तेही कामातच. मागच्या अंगणात फरशीची वाट घालत होते. अर्धी झाली, चहासाठी खुर्चीत टेकले, ते उठलेच नाहीत. मग आई एकटी राहिली. चालताना गुडघा कटकट वाजायचा, करंगळी कधीतरी दारात सापडून कायमची वाकडी झालेली, आणि स्वभाव असा की मदतीचं नाव काढलं की पाठ फिरवायची. गेल्या महिन्यात ती त्याच अर्ध्या वाटेवर पडली आणि बराच वेळ कुणाला कळलंच नाही. म्हणून मी आले होते. या वेळी तिला माझ्या घरी न्यायचंच, तिचं काही ऐकायचं नाही, असं ठरवून.

बिजागरी घेऊन परत आले तर फाटक सरळ उभं होतं. बिजागरी जुनीच, पण घट्ट बसवलेली, वर तेलाचा थेंब. आईला विचारलं, कुणाला बोलावलं होतंस? ती म्हणाली, कुणाला नाही, तू आधी जेवून घे.

जेवण झाल्यावर आम्ही दोघी आडव्या झालो. पडदे ओढलेले होते, खोलीत तो पिवळट, जड अंधार होता जो फक्त दुपारचाच असतो. डोळा लागणार इतक्यात मागच्या बाजूने आवाज आला. ठक्… ठक्…

मी ताडकन उठून बसले. आईने डोळे न उघडताच माझं मनगट धरलं.

"पड गं," ती हळू आवाजात म्हणाली. "हे कामाला लागलेत."

"आई… कोण?"

"बघायला जाऊ नकोस. मी एकदा गेले होते… मग आठवडाभर आलेच नाहीत."

मी पडून राहिले. अंगावर काटा आला होता. पण खोटं कशाला बोलू, त्या भीतीच्या खाली कुठेतरी मी आठ वर्षांची होते आणि बॅटरी कुठे ठेवली ते आठवत होते. आवाज थांबला तेव्हा मला हायसं वाटलं आणि वाईटही वाटलं.

आई माझ्या घरी यायला का तयार होत नाही, ते पुढे दोन दिवसांनी कळलं. सकाळी स्वयंपाकघरात गेले तर ती माझ्याकडे पाठ करून सुरीच्या टोकाने खणाच्या मुठीचा स्क्रू सैल करत होती. मी बघितलं म्हणून ती ओशाळली नाही. काम नसेल तर हे येतील कशाला, असं तिने मलाच विचारलं. दोन वर्षं ती रोज घर थोडं थोडं मोडत होती. कधी कडी, कधी नळाचा वॉशर, कधी खुर्चीचा पाय. अंगणातली वाटही त्यामुळेच पुरी होत नव्हती. बाबा फरशी बसवायचे आणि आई ती दुसऱ्या दिवशी उचकटायची. ती पडली कशी, तेही मला तेव्हा समजलं.

धाकट्याला फोन केला. तो आधी हसला. मुख्य अभियंत्यांना निवृत्ती नाहीच म्हणाला, माझ्याकडचा गीझर बिघडलाय, जमलं तर इकडे पाठव.

"ताई," तो मग म्हणाला, "आईला तिथे ठेवू नकोस."

मी वेगळाच विचार केला आणि मला तो फार शहाणपणाचा वाटला. घरातलं झाडून सगळं काम संपवायचं. मग बाबांना यायचं कारण उरणार नाही, ते सुटतील, आणि आईही सुटेल. दुसऱ्या दिवसापासून मी कंबर कसून कामाला लागले. खणाच्या मुठी घट्ट केल्या, नळ बघितले, खिडक्यांच्या काचांना पुट्टी लावली, पडवीचं छप्पर नीट केलं. बाबांचीच हत्यारं, बाबांचाच जुना शर्ट. हात आपोआप चालत होते. आपल्याला हे सगळं येतं, हे मला माहीतच नव्हतं. आईची सुरी मी लपवून ठेवली आणि तिच्यावर डोळ्यात तेल घालून नजर ठेवली.

शेवटी वाट राहिली. सिमेंट कालवून एक एक फरशी बसवत गेले. एक जरा तिरकी गेली होती. हात धुऊन आले तर ती सरळ झालेली होती आणि कडेचं सिमेंट बोटाने निपटून काढलेलं होतं, बाबा काढायचे तसं. मी तिथेच मांडी घालून रडले. भीतीने नाही, मला त्यांची फार आठवण आली म्हणून. मनात आलं, राहू द्यावी एक फरशी. पण आई पडलेली डोळ्यांसमोर आली आणि मी शेवटची फरशी बसवून टाकली.

आईने ते पुरं झालेलं अंगण बघितलं आणि तोंड फिरवलं.

त्या दुपारी ठोकठोक झाली नाही. मी सुटकेचा श्वास सोडला, तेवढ्यात स्वयंपाकघरातला खण ओढल्याचा आवाज आला. तो हलकेच बंद झाला. मग खिडकी उघडली, मिटली. खुर्चीवर कुणीतरी दाब देऊन पाहिला. पडवी, जिना, बाहेरची खोली. कुणीतरी घरभर फिरत होतं, प्रत्येक वस्तूला हात लावत होतं, आणि काहीच मोडलेलं सापडत नव्हतं. मग दाराशी पावलं आली. मी डोळे गच्च मिटले. मशीनच्या तेलाचा वास अंथरुणापर्यंत आला आणि आईच्या बाजूला जाऊन थांबला.

दुसऱ्या दिवशी आई उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिचा गुडघा वाजला नाही.

ती चार वेळा खाली बसली, चार वेळा उठली, आणि हसायला लागली. मीही हसले. मूर्खासारखी खूश झाले. पुढच्या दिवशी तिची करंगळी सरळ झाली. मग तिने चष्मा काढून ठेवला आणि सुईत दोरा एका फटक्यात ओवला. कानामागचे केस काळे दिसू लागले. दुपारी आता ठोकण्याचा आवाज येत नसे. पॉलिश पेपर घासल्यासारखा यायचा, लांब लांब, शांत… माझ्या अगदी शेजारी. आणि मला काही केल्या डोळे उघडता यायचे नाहीत.

मग धाकट्याचा फोन आला. आईने तो घेतला, सभ्यपणे ऐकून घेतला आणि माझ्या हातात दिला.

"कोण मुलगा आहे गं? मला आई म्हणतोय."

बाबांची एक खोड होती, ती मला त्या क्षणी आठवली. वस्तू चालायला लागली म्हणून ते थांबायचे नाहीत. ती घरात आली त्या दिवशी जशी होती तशी त्यांना परत हवी असायची. धाकटा अक्षरं शिकला तेव्हा त्याने आईच्या शिलाई मशीनवर खिळ्याने स्वतःचं नाव कोरलं होतं. बाबांनी एकदा ते मशीन दुरुस्त करताना घासून, रंग देऊन कोरं करकरीत केलं. मशीन सुरेख चालायला लागलं आणि आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तिचं काय बिनसलं, ते बाबांना कधी कळलं नाही.

धाकटा पुसला गेला होता. त्याच्या आधीची मी होते.

मी हातोडी घेऊन अंगणात धावले. माझीच बसवलेली वाट फोडत सुटले. खणांच्या मुठी उपटल्या, काच फोडली, फाटकाची बिजागरी पार वाकवून टाकली. काचेने तळहात कापला, तेही आधी लक्षात आलं नाही. मग मी मधेच उभी राहून मोठ्याने म्हटलं, बाबा, हे बघा किती काम पडलंय, इकडे या. आवाज आला नाही. फरश्या तशाच पडून राहिल्या. हातातलं काम अर्धं टाकून दुसरं घ्यायची त्यांना सवयच नव्हती.

मग मी एक क्षणही घालवला नाही. आईचे दोन कपडे पिशवीत कोंबले, तिला हाताला धरून बाहेर आणलं आणि पुढच्या पायरीवर बसवलं. ती लहान मुलीसारखी मुकाट्याने बसली. नाक्यावरून गाडी घेऊन येते, इथून हलू नकोस, असं तिला बजावून मी पळत सुटले. गाडी मिळायला वेळ लागला. ऊन डोक्यावर आलं होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. परत आले तर पायरी रिकामी होती.

दार आतून लोटलेलं. त्यामागे पॉलिश पेपरचा आवाज चालू होता, खूप हळू, एखादी शेवटची कड राहिली असावी तसा… आणि मग तो थांबला.

दार उघडलं. आई उभी होती. केस काळेभोर, चेहऱ्यावर एक रेघ नाही. माझ्यापेक्षा कितीतरी लहान, लग्न होऊन नुकतीच या घरात आलेली असेल त्या वयाची. ती इतकी सुंदर होती की मी क्षणभर सगळं विसरले.

"आई," मी म्हटलं.

तिने मान वाकडी करून माझ्या मागे बघितलं, मी कुणाला हाक मारतेय ते पाहायला.

"आपल्याला कोण हवंय?" तिने विचारलं.

मी तिच्याकडे नुसती बघत राहिले. तिला माझी कीव आली असावी, कारण ती प्रेमाने हसली, परक्या बाईकडे बघून हसतात तशी. मग तिची नजर माझ्या तळहाताकडे गेली. रक्त पायरीवर टपकत होतं.

"अगंबाई, हाताला लागलंय की तुमच्या," ती म्हणाली. "या ना आत, बसा. हे मागेच आहेत. हे सगळं नीट करतात…"

तिने आत वळून हाक मारली. मागच्या खोलीत कुणीतरी हत्यार खाली ठेवलं आणि पावलं आमच्या दिशेने यायला लागली. ती पावलं मी हजारात ओळखली असती. माझे डोळे भरून आले. बाबांना एकदा डोळे भरून बघावं असं मला त्या वेळी दुसऱ्या कशाहूनही जास्त वाटत होतं.

मी हात पाठीमागे लपवला.