मीठ मागे राहतं

सकाळी मी टँकची काच पुसायला बसायची. रोजचंच काम. नाहूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये, हॉलच्या भिंतीला लागून, माझ्या मुलाने, सौरभने, खाऱ्या पाण्याचा टँक बसवला होता. हौस त्याची, नोकरी पुण्याला, घरी येणार शनिवारी. सून अक्षता बाळंतपणाची रजा संपवून कामावर गेलेली. मग काच घासायची कोणी? पंपाचा फेस साठतो तो कप धुवायचा कोणी? मीच. कडेवर नातू मुकुल, नुकता पालथा पडायला लागलेला, आणि दुसऱ्या हातात ब्रश. राग यायचा, पण मी गिळायची.

सौरभने एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती. "आई, पाणी कमी झालं की फक्त गोडं पाणी घालायचं हां. उडतं ते पाणी. मीठ मागे राहतं. वरून मीठ पडलं ना, तर वाट लागली माशांची."

ते मी नेमाने पाळलं. नारिंगी पट्ट्यांचे मासे मला ओळखायला लागले होते. आता सांगताना वाटतं, सगळं तिथपर्यंत ठीक होतं.

मग बाळ बघायला कणकवलीहून थोरल्या जाऊबाई आल्या. त्यांना मूलबाळ नाही. मुकुलला मांडीवरून खाली ठेवत नसत. आल्या त्याच संध्याकाळी त्यांनी मूठभर खडेमीठ घेतलं आणि त्याची दृष्ट काढली. आमच्या गावाला असं मीठ चुलीत टाकतात, नाहीतर घराबाहेर नेऊन वाहत्या पाण्यात सोडतात. जाऊबाईंनी टँकचं झाकण उचललं आणि मूठ आत रिकामी केली.

"वहिनी, अहो काय करताय!"

"खारांच पाणी मां? मिठात मीठ. तुका कसलो त्रास?"

"दृष्टीचं मीठ घरात ठेवतं का कोणी?"

"ठेवलंय खंय? विरघळलां तां," असं म्हणून त्या हसल्या.

दुसऱ्या दिवशी मी मिठाची बरणी लपवली. त्यांनी वाण्याकडून पुडी आणली. मी अंघोळीला गेले की मूठ पाण्यात. एक मासा मेला, मग दुसरा, मग सगळेच. सौरभला फोन केला तर तो माझ्यावरच उखडला. "तुला एक काम नीट जमत नाही का गं?" त्या दिवशी मी जेवले नाही.

आणि मग काचेचं सुरू झालं.

काचेवर आतून शेवाळ धरतं, ते नेहमीचंच. हिरवा पातळ पदर. पण आता सगळी काच हिरवी आणि दोन जागा मात्र लख्ख. गोल, वाटीच्या तळाएवढ्या, शेजारी शेजारी. मुकुलला मी समोरच्या दिवाणावर झोपवायची; त्या जागा बरोबर त्याच्या तोंडाच्या उंचीला. मी सगळी काच घासून एकसारखी केली. सकाळी पुन्हा हिरवं, पुन्हा त्या दोन जागा मोकळ्या. बाहेरून बोट फिरवलं, काहीच लागलं नाही. जे पुसलं जात होतं ते आतून.

मुकुलचं रडणं थांबलं होतं. अक्षता खूश. "किती शहाणा झालाय ना, आई!" मला तो शहाणपणा आवडत नव्हता. भूक लागली तरी तो रडत नसे. टँककडे तोंड करून पडून राही आणि पंपाच्या घरघरीत ओहोटीच्या चिखलाचा वास हॉलभर पसरत जाई.

मी त्याची गादी दुसऱ्या कोपऱ्यात, टँकच्या बाजूच्या काचेसमोर नेली. सकाळी समोरची काच पूर्ण हिरवी. आणि बाजूच्या काचेवर... दोन गोल.

खरं सांगते, भीतीच्या आधी संताप आला. मी सरळ स्वयंपाकघरात गेले. जाऊबाई भाजी निवडत होत्या.

"कोणाची दृष्ट टाकत होतात त्यात? बोला!"

"सगळ्यांची गे... शेजाऱ्यांची, येणाऱ्या-जाणाऱ्यांची..." त्यांचा हात थांबला. मग इतक्या हळू बोलल्या की मला वाकून ऐकावं लागलं. "माझी पण."

"तुमची?"

"त्याका बघलंय की काळजात कसांसांच होता, मालन. माका कळता मां तां. म्हणान काढून टाकतंय."

"काढून माझ्याच घरात टाकलीत!"

मी कधी कोणावर ओरडलेली नाही. त्या दिवशी मजल्यावरचे दरवाजे उघडले असतील. जाऊबाईंनी पिशवी भरली आणि त्या दुपारीच निघून गेल्या. मी थांबवलं नाही.

मुकुलला आतल्या खोलीत निजवलं, दार लावलं. टँकमध्ये नळी घातली, दुसरं टोक बाथरूममध्ये सोडलं आणि पंप बंद केला. घर एकदम मुकं झालं. नुसतं पाणी उतरल्याचा आवाज... गुळुक... गुळुक...

पाणी खाली सरकू लागलं. आणि ते दोन गोल त्याच्याबरोबर खाली सरकू लागले. वरची शेवाळलेली काच कोरडी पडे, आणि पाण्याच्या रेघेखाली नव्या दोन जागा लख्ख होत जात.

"बघता काय रे मेल्यांनो?" माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "लहान पोराकडे बघता? काय बघायचं ते माझ्याकडे बघा! ही उभी आहे मी!"

ते माझ्याकडे वळले नाहीत. आतल्या खोलीच्या दाराकडेच राहिले. शेवटी तळाच्या वाळूवर बोटभर पाणी उरलं. ते मी मगाने उपसलं, फडक्याने टिपलं, व्हिनेगर ओतून काचा इतक्या घासल्या की नखं दुखली. एक ओला थेंब ठेवला नाही. संध्याकाळी वॉचमनकडून टँक खाली भंगारवाल्याकडे पाठवला. सौरभ फोनवर चिडला तेव्हा मी त्याला म्हटलं, "तुझा समुद्र तू सांभाळायचा होतास." आणि फोन ठेवला.

त्या रात्री मी गाढ झोपले.

सकाळी मुकुलला उचललं. तो जागाच होता, शांत. त्याच्या पापण्यांच्या कडेला बारीक पांढरी रेघ होती. टँकच्या काठावर साठायची तशी, खरखरीत. मी बोट लावून जिभेवर ठेवलं.

मीठ.

तो रडला नव्हता. अक्षताला विचारलं, डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, डोळे अगदी छान आहेत, काळजी नको. मी काळजी करत नाही, मी रोज चिडते, कोणावर ते कळत नाही. आणि रोज सकाळी कापूस गोड्या पाण्यात भिजवून ती रेघ पुसते. दुसऱ्या दिवशी ती असतेच.

काल अक्षता त्याला खिडकीजवळ घेऊन उभी होती. कौतुकाने म्हणाली, "आई, याचे डोळे बघा ना किती लख्ख आहेत. कोणीतरी आतून पुसल्यासारखे."