दोरसाफने बदललेला मजकूर

त्या दिवशीचं काम अगदी किरकोळ होतं. आमच्या कंपनीच्या वेबसाइटवर मालकांच्या परिचयात शुद्धलेखनाची एक चूक राहिली होती, तेवढी दुरुस्त करायची. मालकांना सगळे आदरानं ‘सी लमजद’ म्हणत. स्फाक्स शहरातल्या त्या ऑफिसात दुपारी ते आणि मी दोघंच होतो. बाहेर शहीली, वाळवंटाकडचा गरम वारा, सुटलेला. वाळवंटातल्या धुळीनं काचा पिवळ्या पडल्या होत्या.

वेबसाइटवरचा मजकूर चौकोनाचौकोनांत असतो. चौकोनावर क्लिक करायचं, तिथल्या तिथे बदलायचं, जतन करायचं. ही सोय देणारं जावास्क्रिप्टचं मॉड्यूल आमचं. दवाखाने, शाळा, हॉटेलं ते वापरायची. लिहिलं होतं माझ्या शेजारी बसणाऱ्या दोरसाफने. सी लमजदनी ते स्वतःच्या नावावर खपवलं. त्यातलं तिचं नाव पुसलं मी. दीड महिन्यापूर्वी ती जाब विचारायला आली आणि आमच्याच जिन्यात दम लागून वारली.

मी चूक सुधारली. पान पुन्हा उघडलं. मजकूर वेगळाच.

‘हे मी लिहिलं आहे. दोरसाफ.’

पुसलं. पुन्हा उघडलं.

‘लमजदने माझी बॅग हिसकावली. दम्याचा पंप बॅगेत होता.’

बदल कोणी केला त्याची नोंद पाहिली. तिचंच खातं. ते तर मी दफनाच्या दिवशी बंद केलं होतं... शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडून नारिंगीच्या फुलांच्या पाण्याचा वास आला. कॉफीत ती तेच घालायची. आणि अगदी कानाशी, श्वासाची बारीक शीळ.

“सी लमजद... जरा इकडे या...”

त्यांनी वाचलं. “काय रे नौफल, ही थट्टा सुचली तुला?”

“मी नाही... बॅगेचं तुमच्या-माझ्याशिवाय कोणाला ठाऊक आहे?”

“पूस आधी!”

“पुसतोय... पुसलेलं राहतच नाहीये...”

फोन वाजला. आमचं एक गिऱ्हाईक, दातांचा डॉक्टर. “अहो, माझ्या दवाखान्याच्या पानावर हे काय आलंय? ‘बॅग लमजदच्या कपाटात आहे’ म्हणे! कसली बॅग?”

सी लमजद धावत आत गेले. मी दाराशी पोचलो तर ते कपाटापुढे गुडघ्यांवर होते, तिची तपकिरी बॅग छातीशी धरून. कधी साधा खोकलाही न झालेला माणूस. आता ती शीळ त्यांच्या गळ्यातून येत होती. ओठ निळे पडलेले. बॅग उलटी करून त्यांनी पंप शोधला, तोंडाला लावला, दाबला. पुन्हा दाबला. रिकामा.

“खिडकी... नौफल... खिडकी...”

मी उघडली. आत आली ती पिवळी धूळ. अँब्युलन्सवाले वर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

संध्याकाळी पोलीस चौकीत मी सगळं सांगून टाकलं. नाव पुसल्याचं, बॅगेचं, सगळं. म्हातारा हवालदार शाईच्या पेनानं लिहून घेत होता. दोरसाफ गेली तेव्हा मी माझ्या टेबलाशी होतो, असंही सांगितलं. सहीसाठी त्यानं कागद माझ्यापुढे सरकवला. त्याच्याच वळणदार अक्षरात शेवटची ओळ होती:

‘ती जिन्यातून ऑफिसचं दार ढकलत होती, तेव्हा आतून कडी धरून मी उभा होतो.’

“हे... हे मी बोललो नाही,” मी म्हणालो.

हवालदारानं चष्मा कपाळावर चढवला. “मीही लिहिलेलं नाही,” तो हळूच म्हणाला. “पण खरं आहे का?”